रक्ताचा रिपोर्ट: खिडकीपासून फोनपर्यंत

सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत रक्ताचा रिपोर्ट मिळवणं म्हणजे बराच काळ आणखी एक खेप होती. आज नमुना द्यायचा, दोन-तीन दिवसांनी खिडकीवर पावती दाखवून कागद घ्यायचा आणि पुन्हा केसपेपर काढून डॉक्टरांपुढच्या रांगेत उभं राहायचं. गावाहून येणाऱ्याचे एका तपासणीपायी दोन रोज बुडत. या गैरसोयीच्या मुळाशी एक समजूत होती: रिपोर्ट डॉक्टरांचा, रुग्ण तो फक्त पोचवणारा. गेल्या तीस वर्षांत ती ढासळली, आणि त्याचं पहिलं श्रेय मी संगणकाला नव्हे, कायद्याला देईन. १९९६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने रुग्णाचा केसपेपरच्या प्रतींवरचा हक्क मान्य केला. २००२ च्या वैद्यक परिषदेच्या नियमांनी मागितलेल्या नोंदी ७२ तासांत देणं बंधनकारक केलं. केंद्राचं ऑनलाइन नोंदणी पोर्टल आलं ते २०१५ मध्ये, आणि १४ अंकी आभा क्रमांकाला रिपोर्ट जोडू पाहणारं आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू झालं ते २०२१ मध्ये.

हा हक्क किती सहज बाजूला सारता येतो, ते जून २०२० मध्ये मुंबईत दिसलं. करोनाचा पॉझिटिव्ह रिपोर्ट थेट रुग्णाला देऊ नका, तो पालिकेला कळवा, असा आदेश महापालिकेने प्रयोगशाळांना दिला. (ती तपासणी रक्ताची नव्हती, पण प्रश्न तोच.) लक्षणं नसलेले लोक घाबरून खाटा अडवतात, ही पालिकेची अडचण खोटी नव्हती; खाटा खरोखरच कमी होत्या. तरीही रिपोर्ट रुग्णाला किंवा नातेवाइकांना मिळालाच पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाने त्याच महिन्यात बजावलं, ते योग्यच झालं. खाटांचं वाटप वॉर्डाच्या वॉर रूममधून करता येत होतं, आणि ते पुढे झालंही. पण घरातल्या म्हाताऱ्या माणसांपासून आजच दूर राहायचं आहे, हे ज्याला कळायला हवं, त्याच्यापासूनच निकाल अडवून ठेवण्याचं समर्थन होऊ शकत नाही.

आक्षेप मात्र उरतोच: डॉक्टरांआधी रिपोर्ट पाहून माणूस हबकणार नाही का? अमेरिकेत एप्रिल २०२१ पासून निकाल विनाविलंब रुग्णाला खुले करणं सक्तीचं झालं. तिथे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, आठ हजारांहून अधिक लोकांच्या पाहणीत सुमारे ९६ टक्क्यांनी निकाल लगेच हवा असंच सांगितलं. ही मंडळी आधीपासून पोर्टल वापरणारी होती, हे विसरून चालणार नाही. शिवाय ज्यांचे निकाल बिघडलेले होते, त्यांच्यात काळजी वाढल्याचं सांगणारे जास्त होते. म्हणून आक्षेप मी झटकणार नाही. पण त्यावरचा उपाय रिपोर्ट लांबवणं हा नाही, अर्थ सोबत देणं हा आहे. रिपोर्टवरची ‘नॉर्मल’ मर्यादा साधारणपणे ९५ टक्के निरोगी माणसांना सामावून घेईल अशी आखलेली असते. म्हणजे विसातला एक धडधाकट माणूसही तिच्याबाहेर पडतो. एकमेकींशी संबंध नसलेल्या वीस तपासण्या केल्या, तर निरोगी माणसाचाही किमान एक आकडा ठळक छापून येण्याची शक्यता निम्म्याहून जास्त. हे न सांगता व्हॉट्सअ‍ॅपवर नुसती पीडीएफ पाठवली, की काळजी रुग्णाच्या पदरात आणि उत्तर रुग्णालयात, अशी स्थिती होते.

घरात एकच फोन असेल, तर खासगीपणाही जातो. एचआयव्हीचा निकाल आजही समुपदेशनासह समोरासमोर दिला जातो, आणि तो अपवाद राहायलाच हवा. बाकीच्या रिपोर्टांसाठी प्रत्येक ओपीडीने एवढं तरी करावं: पीडीएफखाली मराठीत दोन ओळी लिहाव्यात, डॉक्टरांना कधी भेटायचं आणि त्याआधी शंका असेल तर कोणत्या नंबरवर विचारायचं.