चाल कुणाची? गायिका, रचनाकार आणि शिक्षिका डॉ. प्रभा अत्रे

आपल्या भजनी मंडळात एक गोष्ट कधी कुणी विचारत नाही. अभंग कुणाचा ते आपल्याला माहीत असतं. शेवटच्या कडव्यात नावच येतं ना, तुकोबांचं, जनाबाईचं, नाहीतर राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचं. पण त्याची चाल कुणी लावली? विचारलं तर उत्तर येतं, "पहिल्यापासून अशीच म्हणतात." जात्यावरच्या ओव्यांचं तसंच, तांड्यावरच्या गाण्यांचंही तसंच. बायांनी रचलं, बायांनी म्हटलं, आणि रचणारीचं नाव कुठं गेलं ते कुणाला सांगता येत नाही.

म्हणून आज एका बाईंची ओळख करून घेऊ. त्यांनी स्वतः शब्द लिहिले, चाली बांधल्या, त्या आपल्या नावानं छापल्या आणि दुसऱ्यांना शिकवल्या. त्यांचं नाव डॉ. प्रभा अत्रे. १३ सप्टेंबर १९३२ ला पुण्यात त्यांचा जन्म झाला.

त्या गाण्याकडे कशा वळल्या ते ऐका. त्यांच्या आईची, इंदिराबाईंची, तब्येत बरी नसायची. कुणीतरी सुचवलं की गाणं शिका, जिवाला बरं वाटेल. इंदिराबाईंनी पेटीवर थोडे धडे घेतले. ते काही फार पुढे गेले नाहीत. पण आठ वर्षांची प्रभा बाजूला बसून ऐकत होती, आणि तिनं ते उचललं. आई शिकायला बसली म्हणून घरात सूर आला, एवढंच. आपल्यातल्या कितीजणी "आता या वयात काय शिकायचं" म्हणतात, त्यांच्यासाठी ही गोष्ट मुद्दाम सांगितली.

पुढे प्रभाताई सुरेशबाबू माने यांच्याकडे शिकल्या, आणि १९५३ मध्ये ते गेल्यावर त्यांच्या बहिणीकडे, हिराबाई बडोदेकरांकडे. हे किराणा घराणं. घराणं म्हणजे गाण्याची एक रीत. जसं एकाच ज्वारीची भाकरी एका घरी पातळ थापतात, दुसऱ्या घरी जाड, आणि दोघींना आपलीच बरोबर वाटते! किराणा घराण्यात सुराला फार जपतात. एकेक सूर सावकाश लावायचा, त्यात बसायचं, मग पुढच्याकडे जायचं. हिराबाईंची आणखी एक मोठी गोष्ट अशी की तिकीट लावून जाहीर मैफली करणाऱ्या सुरुवातीच्या स्त्रियांत त्या होत्या. घरंदाज बाईनं चारचौघांत गाऊ नये असं मानणारा तो काळ. हिराबाईंनी ती वाट पाडली, त्यावरून पुढच्या चालल्या.

गाण्याबरोबर प्रभाताईंनी शिक्षण सोडलं नाही. विज्ञानाची पदवी घेतली, कायद्याचीही घेतली. कथक शिकल्या. तरुणपणी संगीत नाटकांत भूमिका केल्या. काही वर्षं आकाशवाणीत सहायक निर्माती म्हणून काम केलं, म्हणजे रेडिओच्या या कामाशी त्यांचं जवळचं नातं. आणि संगीतात डॉक्टरेट मिळवली ती सरगमवर.

सरगम म्हणजे काय ते थांबून सांगते, कारण त्यावरून बराच वाद झाला. गाणारा राग फुलवताना कधी शब्द घेतो, कधी नुसता 'आ'कार लावतो, आणि कधी सुरांची नावंच गातो: ग प ध, प ध नी असं. यालाच सरगम म्हणतात. दक्षिणेकडच्या कर्नाटक संगीतात ही रीत रुळलेली आहे. आपल्याकडे मात्र अनेक जाणकार नाक मुरडायचे. त्यांचं म्हणणं असं की सुरांची नावं हा अभ्यासाचा भाग, तो घरी करावा. मैफलीत नावं घेणं म्हणजे ताटात भाजी वाढताना त्यात काय काय टाकलं ते सांगत बसणं. प्रभाताई मैफलीत मुक्तपणे सरगम गायच्या. अमीर खाँसाहेबांच्या गाण्याचा आपल्यावर परिणाम आहे हे त्या मोकळेपणानं सांगत, आणि ते सरगम फार सुंदर घेत. टीका झाली तेव्हा प्रभाताईंनी भांडण केलं नाही, त्याच विषयावर प्रबंध लिहिला. मला विचाराल तर शिकणाऱ्या पोरीसाठी गुरूनं सरगम गाणं हे वरदानच. कोणत्या सुरावरून कुठं गेले ते उघड कळतं, लपत नाही.

आता मुख्य गोष्ट, बंदिशीची. बंदिश म्हणजे शास्त्रीय गाण्यातलं बांधलेलं छोटं गीत. पाच-सहा ओळींचं असतं. पहिला भाग स्थायी, दुसरा अंतरा. पहिल्या ओळीचा जो तुकडा पुन्हा पुन्हा येतो तो मुखडा. तालाची पहिली मात्रा म्हणजे सम. गाणारा कुठं कुठं हिंडतो, वरच्या सुरांत जातो, खाली येतो, पण मुखडा धरून समेवर परत येतो. दिवसभर रानात चरलेला बैल संध्याकाळी आपल्याच खुंट्यावर येतो ना, तसं. तो नेमका आला की ऐकणाऱ्याची मान आपोआप हलते.

या बंदिशी पूर्वापार चालत आल्या. काहींत रचणाऱ्याचं टोपणनाव गुंफलेलं असतं. सदारंग हे नाव पुष्कळदा ऐकू येतं. ते अठराव्या शतकातले नियामत खाँ, दिल्लीच्या मोहम्मद शाह बादशाहाच्या दरबारातले. प्रेमपिया म्हणजे आग्रा घराण्याचे फैयाज खाँ. बहुतेक नावं पुरुषांची. गंमत बघा, बंदिशीतली बोलणारी मात्र बाई असते! सासू-नणंदेचा जाच, पाण्याला जाताना अडवणारा कान्हा, रात्रभर न आलेला नवरा, हे सगळं बाईच्या तोंडी, लिहिणारे पुरुष. बायांनी काही रचलंच नसेल असं नव्हे. त्यांची नावं राहिली नाहीत.

त्यात आणखी एक अडचण. बंदिशी तोंडातोंडी चालत आल्यानं शब्द मोडले, अर्थ हरवला, आणि गाणारेही म्हणू लागले की शब्दाला काय एवढं महत्त्व. शिवाय काही घराण्यांत चांगली बंदिश झाकून ठेवायची सवय. दुसऱ्याच्या शिष्याच्या कानावर पडू नये म्हणून मैफलीत अर्धीच गायची! आपल्याकडं लोणच्याचा मसाला सांगताना एखादी बाई एक जिन्नस गाळते, तसाच प्रकार.

प्रभाताईंनी स्वतः बंदिशी लिहायला घेतल्या. ख्याल, तराणे, ठुमरी-दादरा, भजन, गझल असं सगळं मिळून शेकडो रचना झाल्या. 'स्वरांगिनी' आणि 'स्वररंजनी' या पुस्तकांत त्या स्वरलिपीसह आल्या. स्वरलिपी म्हणजे कोणत्या मात्रेवर कोणता सूर ते लिहून दाखवणं. ज्याला पुस्तक मिळेल त्यानं शिकावं. अपूर्व कल्याण, दरबारी कंस, पटदीप-मल्हार, तिलंग-भैरव असे नवे रागही त्यांनी बांधले. मारू बिहाग आणि कलावती रागांतल्या त्यांच्या बंदिशी तर इतक्या पसरल्या की कितीतरी विद्यार्थी त्या गातात आणि त्यांना वाटतं, ही जुनीच परंपरेतली चीज. रचणाऱ्याला यात आनंद मानायचा की वाईट वाटून घ्यायचं? दोन्ही असेल. पण इथं पुस्तकात नाव छापलेलं आहे, शोधणाऱ्याला सापडतं.

शिकवण्याचं कामही त्यांनी तितकंच मोठं केलं. महर्षी कर्व्यांनी १९१६ मध्ये स्थापलेल्या महिला विद्यापीठात, मुंबईच्या एस.एन.डी.टी.त, त्या १९७९ पासून १९९२ पर्यंत संगीत विभागाच्या प्रमुख होत्या. गुरूसमोर बसून वर्षानुवर्षं शिकणं आणि वर्गात बसून शिकणं, या दोन्हींत काय मिळतं आणि काय सुटतं याचा त्यांनी नीट विचार केला. पुढे पुण्यात 'स्वरमयी गुरुकुल' काढलं ते दोन्हींचा मेळ घालायला. गाणाऱ्यानं नुसतं गावं, बोलू नये, हे त्यांना पटत नसे. गाता गाता समजावून सांगायच्या, प्रश्न विचारायच्या. अमुक राग अमुक वेळीच का गायचा, हा प्रश्नसुद्धा त्यांनी विचारला. १९८४ चं 'स्वरमयी' हे त्यांचं पुस्तक मराठीत आहे. वाचनालयात मिळालं तर जरूर वाचा, भाषा आपल्याला कळेल अशी आहे.

१९९० मध्ये पद्मश्री, २००२ मध्ये पद्मभूषण, २०२२ मध्ये पद्मविभूषण असे मान मिळाले. १३ जानेवारी २०२४ ला पुण्यात त्या गेल्या, ९१ वर्षांच्या होत्या. त्याच दिवशी मुंबईत त्यांचं गाणं ठरलेलं होतं.

आता ऐकायचं कसं ते सांगते. पोरांना म्हणा, मोबाईलवर यूट्यूबला "प्रभा अत्रे कलावती" लावून दे. कलावती पाचच सुरांचा राग आहे: सा, ग, प, ध आणि कोमल नी. रे आणि म लागतच नाहीत, त्यामुळं नव्या कानालाही लवकर ओळखू येतो. सुरुवातीचं संथ गाणं ऐकताना स्वयंपाक चालू राहू द्या, काही हरकत नाही. पुढं लय वाढून जलद बंदिश सुरू झाली की हात पुसून दोन मिनिटं बसा. त्रिताल असेल तर सोळा मात्रा, बोटांच्या पेरांवर मोजा. मुखडा कुठं येतो ते एकदा सापडलं की सम सापडेल. मग सरगम लागेल तेव्हा पेटी वाजवणारीनं पेटी जवळ घ्यावी आणि पट्ट्या शोधून पाहाव्यात. पहिल्या दिवशी चार सूर जुळले तरी पुष्कळ झाले.