पेन ड्राइव्ह जोडताच संगणकाने काय करावे?

संगणकाला पेन ड्राइव्ह जोडल्यापासून त्यातील फाइली पडद्यावर दिसेपर्यंत फार तर दोन-चार सेकंद जातात, आणि तेवढ्या अवधीत संगणक एकापाठोपाठ एक चार निर्णय घेऊन मोकळा होतो, हे बहुतेकांच्या ध्यानातही येत नाही. जोडलेली वस्तू कोणती आहे हे तो प्रथम तिलाच विचारतो. मग तिच्याशी व्यवहार करणारा छोटा प्रोग्रॅम, म्हणजे ड्रायव्हर, कामाला लावतो. त्यानंतर तिच्यातील साठा वाचता-लिहिता यावा म्हणून तो आपल्या फोल्डरांच्या रचनेत सामावून घेतो, ज्याला ‘माउंट करणे’ म्हणतात. आणि शेवटी खिडकी उघडायची, एखादा प्रोग्रॅम सुरू करायचा की स्वस्थ बसायचे, हे ठरवतो. हे चारही निर्णय एकमेकांपासून वेगळे काढता येतात आणि प्रत्येक ठिकाणी मालकाला आपला शब्द चालवता येतो. त्याने तो चालवला नाही, तर निर्मात्या कंपनीने सोय पाहून ठरवलेली उत्तरे लागू राहतात, आणि ज्या संगणकाला दिवसभर वेगवेगळ्या माणसांचे पेन ड्राइव्ह लागतात, त्याच्यासाठी ती उत्तरे पुरेशी नसतात.

असे संगणक नवी मुंबईत जागोजागी आहेत. नेरुळ, बेलापूर आणि खारघर या पट्ट्यात अभियांत्रिकीपासून वैद्यकीय शिक्षणापर्यंतची महाविद्यालये दाटीने वसलेली आहेत, आणि त्यांच्या आसपासच्या झेरॉक्सच्या दुकानांत प्रकल्पाचा अहवाल, अर्ज किंवा गुणपत्रिका छापून घेण्यासाठी विद्यार्थी पेन ड्राइव्ह पुढे करतात. ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यातील छोट्या कारखान्यांत यंत्राची रेखाटने, आणि वाशीच्या कर सल्लागारांकडे व्यापाऱ्यांची हिशेबाची फाइल, याच मार्गाने पोहोचते. ज्याला सर्वजण ‘शॉर्टकट व्हायरस’ म्हणतात तो याच वाटेने फिरतो. त्याची रीत समजून घेण्याजोगी आहे: तो पेन ड्राइव्हमधील खरी फोल्डरे लपवतो आणि त्यांच्याच नावाचे, तशाच चित्राचे शॉर्टकट तेथे ठेवतो, वापरणाऱ्याने त्यावर क्लिक केले की आधी घातक प्रोग्रॅम चालतो आणि मग खरे फोल्डरही उघडते, त्यामुळे शंका येण्याचे कारण उरत नाही. पुढे त्या संगणकाला लागणारा प्रत्येक पेन ड्राइव्ह बाधित होत जातो. येथे एक गोष्ट आवर्जून सांगितली पाहिजे, ती ही की अशा वेळी फाइली बहुधा गेलेल्या नसतात, केवळ लपवलेल्या असतात; फाइली दिसत नाहीत म्हणून घाबरून पेन ड्राइव्ह फॉरमॅट करणारा विद्यार्थी आपले काम स्वतःच्या हाताने पुसून टाकतो.

या दुखण्याचे मूळ एका चांगल्या हेतूने दिलेल्या सोयीत आहे. विंडोज 95 मध्ये मायक्रोसॉफ्टने ‘ऑटोरन’ आणले, ते सीडी घातल्याबरोबर तिच्यावरील प्रोग्रॅम आपोआप सुरू व्हावा आणि नवशिक्याची अडचण टळावी म्हणून. छापील सीडीवर कोणाला नंतर काही लिहिता येत नसल्याने हा विश्वास तेव्हा फारसा महाग पडला नाही. 2000 च्या सुमारास पेन ड्राइव्ह बाजारात आले, आणि ज्या वस्तूवर कोणताही संगणक काहीही लिहू शकतो तिलाही पुढे जवळजवळ तसाच विश्वास मिळाला. 2008 च्या अखेरीस पसरू लागलेल्या ‘कॉन्फिकर’ या किड्याने, म्हणजे स्वतःहून पसरणाऱ्या घातक प्रोग्रॅमने, इतर मार्गांबरोबर याही मार्गाचा उपयोग करून जगभरचे लक्षावधी संगणक बाधित केले. 2009 मध्ये आलेल्या विंडोज 7 मध्ये पेन ड्राइव्हपुरते ऑटोरन बंद झाले आणि फेब्रुवारी 2011 मध्ये जुन्या आवृत्त्यांनाही तशी दुरुस्ती मिळाली. दरम्यान 2010 मध्ये उघडकीस आलेल्या ‘स्टक्सनेट’ने हा उपायही अपुरा असल्याचे दाखवले होते, शॉर्टकटचे चित्र रंगवून दाखवण्याच्या विंडोजच्या पद्धतीतच एक दोष होता, आणि त्यामुळे बाधित पेन ड्राइव्हमधील फोल्डर नुसते उघडून पाहिले तरी घातक प्रोग्रॅम चालत असे. स्टक्सनेटचे लक्ष्य इराणमधील अणुकेंद्र असले, तरी बाधित संगणकांच्या संख्येत इराण आणि इंडोनेशिया यांच्या खालोखाल भारताचा क्रमांक लागला होता.

आज विंडोजमध्ये ऑटोरनच्या जागी ‘ऑटोप्ले’ आहे, जे प्रोग्रॅम थेट चालवत नाही, पण काय करायचे असे विचारते किंवा आधी सांगून ठेवलेली कृती करते. सेटिंगमध्ये जाऊन ते पूर्ण बंद ठेवणे हा घरच्या संगणकासाठी सर्वांत सोपा आणि पुरेसा उपयुक्त उपाय आहे. पेन ड्राइव्ह तरीही दिसतो, फक्त तो उघडण्याचा निर्णय माणसाकडे येतो. विंडोजच्या व्यावसायिक आवृत्तीत ‘ग्रुप पॉलिसी’ नावाची सोय आहे, जिच्यातून काढता-घालता येणाऱ्या साठ्याबाबत वाचणे, लिहिणे आणि त्यावरील प्रोग्रॅम चालवणे हे तीन हक्क वेगवेगळे नाकारता येतात. घरगुती आवृत्तीत या सोयीचा पडदा दिलेला नसतो, ही त्रासाची गोष्ट आहे, कारण अनेक छोटी दुकाने तीच आवृत्ती वापरतात. तेथे जाणकाराकडून नोंदणीकोशात, म्हणजे विंडोजच्या अंतर्गत सेटिंगच्या साठ्यात, बदल करून घ्यावा लागतो.

लिनक्सवर चालणाऱ्या संगणकांत, आणि त्यांत केंद्र सरकारच्या सी-डॅक या संस्थेने सरकारी कार्यालयांसाठी तयार केलेली ‘बॉस’ ही कार्यप्रणालीही आली, हे टप्पे अधिक स्पष्टपणे वेगळे दिसतात. तेथे ‘यूडेव्ह’ नावाचा भाग जोडलेल्या वस्तूची दखल घेतो, ‘यूडिस्क्स’ ती माउंट करतो, आणि पडद्यावरील वातावरण खिडकी उघडायची की नाही ते ठरवते. आपोआप माउंट होणे बंद केले तर पेन ड्राइव्हचे नाव दिसते, पण त्यावर क्लिक करेपर्यंत त्यातील एकही फाइल वाचली जात नाही. शिवाय माउंट करतानाच अटी घालता येतात: ‘फक्त वाचन’ ही अट घातली की त्यावर काही लिहिता येत नाही, आणि ‘नोएक्झेक’ ही अट घातली की त्यावरील प्रोग्रॅम थेट चालत नाहीत. मात्र या दुसऱ्या अटीवर सगळा भरवसा टाकू नये, कारण संगणकावर आधीच असलेल्या एखाद्या प्रोग्रॅमला पेन ड्राइव्हवरील आज्ञांची फाइल वाचायला लावून ही अट ओलांडता येते.

या सर्व उपायांचा आधार असा की जोडलेली वस्तू आपली ओळख खरी सांगते. 2014 मध्ये कार्स्टन नोल आणि याकोब लेल या जर्मन संशोधकांनी लास वेगासमधील परिषदेत दाखवून दिले की पेन ड्राइव्हमधील नियंत्रक चिपचा प्रोग्रॅम बदलून तो स्वतःला कळफलक म्हणवू शकतो आणि मालकाच्या नावाने आज्ञा टंकू शकतो. अशा वेळी साठ्यावरील बंधने निरुपयोगी ठरतात आणि नियंत्रण पहिल्या टप्प्यावर, म्हणजे ओळख पटवण्याच्या वेळीच ठेवावे लागते. लिनक्ससाठीचे ‘यूएसबीगार्ड’ हेच काम करते, म्हणजे मान्य केलेल्या वस्तूंची यादी ठेवून बाकी सर्वांना दार बंद करते. भारतात केंद्र सरकारने फेब्रुवारी 2017 मध्ये सुरू केलेल्या ‘सायबर स्वच्छता केंद्रा’तून सी-डॅकचे ‘यूएसबी प्रतिरोध’ उपलब्ध झाले, जे नोंदलेल्या साठा-उपकरणांनाच आणि पासवर्ड दिल्यावरच प्रवेश देते. पुण्याच्या क्विक हीलसह अनेक अँटिव्हायरस कंपन्याही मोठ्या कार्यालयांसाठी अशी सोय देतात.

इतके धोके पाहिल्यावर पेन ड्राइव्हवर सरसकट बंदी घालावी, असे अनेक कार्यालयांना वाटते. परंतु हा मार्ग सर्वत्र शहाणपणाचा नाही. 27 जून 2017 रोजी ‘नॉटपेट्या’ या हल्ल्याने मर्स्क या जहाज कंपनीची जगभरची यंत्रणा कोलमडली, तेव्हा न्हावा शेवा येथील तिच्या समूहाच्या कंटेनर टर्मिनलचे कामही विस्कळीत झाले. तो हल्ला पेन ड्राइव्हने आलेला नव्हता, युक्रेनमधील एका हिशेबाच्या प्रणालीच्या अद्ययावतीकरणातून शिरून तो नेटवर्कवरून पसरला होता. त्यातून सावरताना मर्स्कला आपल्या संगणक-जाळ्याच्या मूळ नोंदींची एकच शाबूत प्रत घाना येथे सापडली, कारण वीज गेल्यामुळे तेथील संगणक त्या वेळी जाळ्यापासून तुटलेला होता. तेथील इंटरनेट मंद असल्याने ती प्रत अखेर हार्ड डिस्कवर माणसाच्या हाती विमानाने इंग्लंडला न्यावी लागली. जोडणी नसलेला साठा हाच तेथे उपयोगी पडला. याच कारणाने घरातील बॅकअपची हार्ड डिस्क कायम संगणकाला लावून ठेवणे चुकीचे आहे, कारण फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा प्रोग्रॅम माउंट असलेल्या डिस्कलाही सोडत नाही. बॅकअप झाला की ‘इजेक्ट’ करून ती काढून ठेवावी. इजेक्ट केल्याने स्मृतीत लिहायची राहिलेली माहितीही डिस्कवर उतरते आणि फाइली खराब होण्याचे टळते.

झेरॉक्सच्या दुकानांपुरता उपाय तर अगदी हाताशी आहे. छपाईसाठी ग्राहकाच्या पेन ड्राइव्हमधील फाइल वाचावी लागते, त्यावर काही लिहावे लागत नाही. म्हणून दुकानातील छपाईच्या संगणकावर ऑटोप्ले बंद करून लिहिण्याचा हक्क नाकारला, तर तो संगणक स्वतः बाधित झाला तरी बाधा पुढच्या विद्यार्थ्याच्या पेन ड्राइव्हवर सहजासहजी उतरणार नाही. घातक प्रोग्रॅमने संगणकाचे संपूर्ण अधिकार मिळवले तर ही अडवणूकही तुटू शकते, म्हणून त्या संगणकावर रोजचे काम प्रशासकाच्या खात्यातून करू नये. नेरुळ-खारघर भागातील महाविद्यालयांनी आपल्या ग्रंथालयांतील आणि प्रयोगशाळांतील छपाईच्या संगणकांवर ही व्यवस्था आधी करावी आणि परिसरातील दुकानदारांना ती करून देण्यासाठी आपल्या संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांना पाठवावे.