मणका जोडताना हाड कुठून आणायचे?

मागच्या आठवड्यात एक निवृत्त गुरुजी दवाखान्यात आले. कमरेचा मणका पुढे सरकलेला, पायाला मुंग्या, शंभर पावले चालणेही कठीण. औषधे, व्यायाम सारे करून झाल्यावर सर्जननी मणके जोडण्याची शस्त्रक्रिया सुचविली होती. गुरुजींना भीती वेगळ्याच गोष्टीची होती. ‘‘डॉक्टर, ते कमरेचे हाड काढून मणक्यात घालणार म्हणतात. स्क्रू बसवणारच आहेत, मग हाड कशाला? आणि कमरेत उरणार काय?’’

हा प्रश्न पुष्कळांना पडतो, म्हणून आज त्याविषयी.

स्क्रू आणि सळया मणके कायमचे जोडत नाहीत. हाड जुळेपर्यंत ते हलू न देता धरून ठेवतात. मोडलेल्या हाताला प्लास्टर असते तसेच हे. तार पुन्हापुन्हा वाकवली की तुटते. त्याचप्रमाणे हाड जुळलेच नाही, तर रोजच्या हालचालीने स्क्रू ढिला होतो किंवा मोडतो. खरी जोडणी दोन मणक्यांमध्ये नवे हाड तयार झाल्यावरच होते. त्याला साधारण सहा महिने ते वर्ष लागते. त्या नव्या हाडाची सुरुवात व्हावी म्हणून जे घालतात, ते हाडाचे कलम. न्यूयॉर्कमध्ये हिब्ज आणि आल्बी या दोन सर्जननी १९११ साली अशा शस्त्रक्रिया प्रसिद्ध केल्या, त्या मणक्याच्या क्षयासाठी होत्या.

कलमासाठी हाड कुठून घेतात?

स्वतःचे हाड : हे सर्वांत भरवशाचे, कारण त्यात जिवंत पेशी असतात आणि शरीर ते परके मानत नाही. करगोटा टेकतो तिथे हाताला जी हाडाची कड लागते, तिच्यातून लहान तुकडे घेतात. त्याने कंबर पोकळ होत नाही. मात्र त्या जागी काही महिने दुखू शकते. शिरेवरचा दाब काढताना मणक्याचे जे हाड निघते, तेही स्वच्छ करून, बारीक करून वापरतात. एकाच जागेची जोडणी असेल तर बरेचदा तेवढे पुरते.

दुसऱ्याचे हाड : मृत्यूनंतर दान केलेले, किंवा खुबा बदलताना निघालेले हाड. दात्याची एचआयव्ही, कावीळ अशा रोगांसाठी तपासणी होते. मुंबईच्या टाटा रुग्णालयात १९८८ सालापासून ऊतिपेढी आहे. तिथे किरणोत्साराने हाड निर्जंतुक केले जाते. दुसरी जखम टळते. पण यात जिवंत पेशी नसल्याने हाड जुळायला वेळ अधिक लागतो.

कृत्रिम पदार्थ : कॅल्शियम व फॉस्फेटचे दाणे. मांडवावर वेल चढावा तसे यावर नवे हाड चढते. पण वेल हवाच, म्हणून हे बहुधा स्वतःच्या हाडात मिसळूनच वापरतात.

हाड वाढविणारे प्रथिन : याला बीएमपी म्हणतात. अमेरिकेत २००२ साली कमरेच्या विशिष्ट शस्त्रक्रियेसाठी याला मान्यता मिळाली. मानेत वापरल्यावर सूज येऊन श्वासास अडथळा झाल्याच्या घटनांमुळे २००८ साली तिथल्याच औषध प्रशासनाने इशारा दिला. हे महागही आहे. महाग ते उत्तम, असे समजू नये.

हे सारे सांगून झाल्यावर मी म्हणालो, ‘‘गुरुजी, आता खिशातली डबी दाखवा.’’ ते ओशाळले. डबीत तंबाखू आणि चुना होता. कलम कोणतेही असो, त्याला रक्त मिळाले तरच ते जगते. निकोटिनमुळे बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि हाड जुळण्यात अडथळा येतो. विडी, सिगारेट, तंबाखू, मिश्री, सर्वांत निकोटिन आहेच. म्हणून शस्त्रक्रियेच्या काही आठवडे आधीपासून आणि हाड जुळेपर्यंत हे संपूर्ण बंद हवे. मधुमेह असल्यास साखर आटोक्यात हवी. दुखण्याच्या गोळ्या स्वतःच्या मनाने घेऊ नयेत. त्यांतील काही हाड जुळण्याच्या आड येऊ शकतात.

कंबर दुखणाऱ्या प्रत्येकाला ही शस्त्रक्रिया लागत नाही. पण सुचविली गेलीच, तर सही करण्यापूर्वी सर्जनना तीन गोष्टी जरूर विचारा : हाड कुठून घेणार, तेच का, आणि त्याचा वेगळा खर्च किती?

गुरुजी डबी माझ्या टेबलावर ठेवून गेले. ती न्यायला ते परत येऊ नयेत, एवढीच इच्छा.