घरच्या शुश्रूषेचा सरकारी पैसा

इंग्लंडांत १९४८ सालीं राष्ट्रीय साहाय्याचा कायदा झाला आणि अपंगांच्या व वृद्धांच्या शुश्रूषेचा भार स्थानिक कौन्सिलांवर पडला. मात्र अपंगांस रोख पैसा देण्यास त्याच कायद्यानें मनाई केली होती. मदत हवी असेल तर कौन्सिल देईल ती घ्यावी. पोट भरे, अंग स्वच्छ राही. पण सकाळीं किती वाजतां उठावयाचें आणि आपल्या अंगास कोणाचा हात लागावा, हें ठरविण्याचा अधिकार ज्याचें अंग त्याला नव्हता.

हा अधिकार सरकारनें आपण होऊन दिला नाहीं. हँपशायर परगण्यांतील ले कोर्ट या आश्रमांत राहणाऱ्या जॉन एव्हान्स प्रभृति अपंगांनीं ‘प्रोजेक्ट ८१’ नांवाची खटपट आरंभिली. आश्रमांत आमच्यावर जो पैसा खर्च होतो, तो बाहेर स्वतःचें घर करून राहण्यास आम्हांस मिळावा, इतकीच त्यांची मागणी होती. रोख रक्कम हातीं देणें बेकायदेशीर; म्हणून ती आश्रमाच्या मार्फत द्यावयाची, असा मार्ग तेथें शोधून काढण्यांत आला. कायद्यास शहाणपण सुचण्यास मात्र १९९६ साल उजाडावें लागलें. त्या वर्षीं झालेला थेट रकमेचा कायदा १९९७ च्या एप्रिलांत अमलांत आला. पासष्टीच्या पुढील वृद्धांस त्याचा लाभ २००० पासून मिळूं लागला. पुढें २०१४ च्या केअर ॲक्टानें, ज्याची ज्याची गरज कौन्सिलनें मान्य केली त्याच्या नांवें ‘वैयक्तिक अंदाजपत्रक’, म्हणजे शुश्रूषेस लागणाऱ्या खर्चाचा आंकडा, लिहून देणें बंधनकारक केलें.

हा पैसा कौन्सिलनेंच संभाळावा, एखाद्या संस्थेकडे सोंपवावा, कीं स्वतःच्या हातीं घ्यावा, याची निवड त्या मनुष्यानें करावयाची असते. स्वतः घेतल्यास सामान्यतः त्यासाठीं बँकेंत निराळें खातें ठेवावें लागतें. ऐपतीप्रमाणें कौन्सिलनें ठरविलेला स्वतःचा वांटाही त्यांतच भरावयाचा. लंडनांत किंवा लेस्टरांत एकट्या राहणाऱ्या मराठी आजींस वरणभात करून घालणारी व मराठींत चार शब्द बोलणारी बाई ठेवावयाची असेल, तर ती या रकमेंतून ठेवतां येते. एका छताखालीं राहणाऱ्या पतीस, मुलीस वा सुनेस मात्र शुश्रूषेबद्दल त्यांतून वेतन देतां येत नाहीं. तसें करणें अवश्य आहे अशी कौन्सिलची खात्री पटली तरच अपवाद होतो. निराळें बिऱ्हाड असलेल्या नातलगास ही अडचण नाहीं.

येथपर्यंत सर्व गोड आहे. परंतु मदतनीस स्वतः नेमली कीं आजीबाई कायद्याच्या दृष्टीनें मालक होतात, आणि ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानांत उशिरां येते. किमान वेतनाच्या खालीं जातां येत नाहीं. एप्रिल २०२५ मध्यें तें एकवीस वर्षांवरील नोकरास ताशी १२ पौंड २१ पेन्स ठरलें. पगाराची पावती द्यावयाची, प्राप्तीवरील कराचें काम पाहावयाचें, पगार ठराविक रकमेच्या वर गेल्यास निवृत्तिवेतनाची तजवीज करावयाची, आणि निदान ५० लक्ष पौंडांचा मालकाच्या जबाबदारीचा विमा उतरावयाचा.

खरी मेख रजेंत आहे. कायद्यानें नोकरास वर्षाला ५.६ आठवडे पगारी रजा मिळते. आठवड्यास २० तासांची मदत मंजूर आहे असें धरूं. वर्षाचे तास झाले १०४०. परंतु बाई रजेवर असतां तिचे ११२ तासांचे वेतन द्यावयाचें, आणि तेवढेच तास बदली बाईलाही द्यावयाचे. कारण आजींचें अंथरुण रजेवर जात नाहीं. म्हणजे पैसा ११५२ तासांचा हवा, आणि बदली बाईची स्वतःची रजा निराळीच. त्रैराशिक येणाऱ्या कोणासही हें गणित सुटेल. परंतु पहिल्या महिन्यांत खात्यावर रक्कम दिसते, कोणी ती जास्त तासांवर उडवितो, आणि ऑगस्टांत खातें कोरडें पडतें. आंकडा ठरतांना हा सर्व मालकी खर्च त्यांत धरला आहे कीं नाहीं, हें कौन्सिलास तेव्हांच विचारावें. गरज भागेल इतकी रक्कम देणें हें तिचें कर्तव्य आहे, उपकार नव्हे.

याच्या उलट, कांहीं माणसें भीतीनें खर्चच करीत नाहींत. शिल्लक फुगली कीं तपासणींत कौन्सिल ती परत मागूं शकतें, आणि एवढ्यावांचून भागलें तर गरज कमीच असावी, असाही अर्थ निघण्याचें भय असतें. विमा, रजा व कर यांसाठीं बाजूस ठेवलेली रक्कम ही शिल्लक नव्हे. म्हणून कोणती रक्कम कशासाठीं राखली आहे, हें वहींत स्वच्छ लिहिलेलें असावें. मदतनीस दोन वर्षें टिकली असेल, तर नोकरी संपतांना तिला कामावरून कमी केल्याची भरपाईही द्यावी लागते. आजी वारल्यावर नोटिशीचा पगार, उरलेल्या रजेचे पैसे आणि ही भरपाई चुकती करण्याचा प्रसंग घरच्यांवर येतो. आणि त्या वहीवांचून कोणाचें किती देणें आहे, हें तेव्हां कोणालाही सांगतां येत नाहीं.