आधी भाषा, मग पत्ता, मग पगार

मिरजेत मेडिसिन वॉर्डात काम केलेली मी आता जर्मनीत, स्टुटगार्टजवळच्या एका रुग्णालयात नर्स आहे. ओळखीच्या मुलींचे फोन येतात आणि पहिला प्रश्न पगाराचा असतो. मी तो सांगते, पण त्याआधी हेही सांगते की इथे पगार हातात पडण्याआधी पत्ता लागतो आणि पत्त्याच्याही आधी भाषा.

पत्त्याचं म्हणजे असं. नव्या घरात राहायला गेल्यावर दोन आठवड्यांच्या आत पालिकेत नाव नोंदवावं लागतं. पासपोर्ट आणि घरमालकाने सही करून दिलेला दाखला सोबत न्यायचा. या नोंदणीनंतर कर-क्रमांक पोस्टाने घरी येतो. तो रुग्णालयाला दिला नाही, तर पगारातून सगळ्यात चढ्या दराने कर कापला जातो. म्हणून टपालपेटीवर आडनाव चिकटवणं हे पहिल्याच दिवसाचं काम. इथल्या इमारतींत बहुधा फ्लॅट नंबर नसतात, पोस्टमन नाव पाहून पत्र टाकतो. नाव नसेल तर पत्र परत जातं. भाड्याच्या जाहिरातीतला मूळ आकडा पाहून हुरळून जाऊ नका. हीटिंग, पाणी धरून एकूण किती ते विचारा. डिपॉझिट मूळ भाड्याच्या तिपटीहून जास्त मागता येत नाही, तसा कायदाच आहे. आणि स्वयंपाकघर आहे का, हेही विचारा. कित्येक घरांत ओटा आणि सिंकसुद्धा भाडेकरूनेच बसवायचा असतो.

आपली नर्सिंगची पदवी इथे आपोआप चालत नाही. आमच्या राज्यात स्टुटगार्टचं प्रादेशिक प्रशासन अभ्यासक्रमातले विषय आणि तास तपासतं आणि कुठे काय कमी पडतं ते लेखी कळवतं. मग एकतर ठरावीक काळाचं प्रशिक्षण पूर्ण करायचं, नाहीतर परीक्षा द्यायची. त्यासोबत साधारणपणे बी-टू पातळीचं जर्मनही लागतं. मान्यता हाती येईपर्यंत आपण साहाय्यक म्हणून काम करतो आणि पगारही त्याच पदाचा मिळतो. घरी किती पैसे पाठवायचे, याचा हिशेब या काळातल्या पगारावर मांडावा.

वॉर्डात पाऊल टाकलं की पहिला फरक जाणवतो तो नातेवाइकांचा. ते भेटीला येतात, मुक्कामाला नाही. आपल्याकडे अंग पुसणं, भरवणं, कूस बदलणं हे घरचं माणूस किंवा मावशी करतात. इथे ते नर्सचं काम आहे. सकाळच्या पाळीत मी कोमट पाण्याचं भांडं घेऊन आजोबांच्या पलंगाशी जाते आणि ओला रुमाल त्यांच्या हातात देते. तोंड त्यांनी स्वतः पुसायचं, छातीपर्यंत हात पोचला तर तेही. जे जमत नाही तेवढंच मी करायचं. मग पाठ पुसताना कमरेखाली लाली दिसली, तर बोटाने दाबून पाहायचं. दाब काढल्यावरही लाली तशीच राहिली, तर शय्याव्रणाची सुरुवात झाली असं समजायचं, लगेच कूस बदलायची आणि नोंद करायची. आपल्या काही मुलींना हे काम कमीपणाचं वाटतं. मला तसं मुळीच वाटत नाही. पेशंट कसा आहे हे फायलीपेक्षा या वीस मिनिटांत जास्त कळतं.

भाषेचा खरा कस लागतो तो हँडओव्हरला आणि फोनवर. वयस्कर पेशंट स्वाबियन बोलीत बोलतात, ती क्लासच्या रेकॉर्डिंगमध्ये ऐकायला मिळत नाही. फोनवर तर समोरचा चेहराही दिसत नाही. अशा वेळी ऐकलेलं पुन्हा म्हणून दाखवायचं, औषधाचं नाव आणि मात्रा तर हमखास. इथे त्याबद्दल कोणी नाक मुरडत नाही. न समजता मान हलवणं मात्र पेशंटच्या जिवाशी येतं.

शेजाऱ्यांशी ओळख जिन्यात होते. या भागात जिना झाडण्या-पुसण्याची आठवड्याची पाळी लागते आणि पाळी आली की दारावर पाटी टांगली जाते. वेळेवर जिना पुसणाऱ्या बाईला शेजारी आपलं म्हणतात.

फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र आणि आमचं बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्य यांच्यात कुशल मनुष्यबळाबाबत करार झाला. तेव्हापासून चौकशा वाढल्या आहेत आणि त्याबरोबर दलालही. परदेशी नर्सेसच्या भरतीसाठी जर्मन सरकारने गुणवत्ताचिन्ह ठरवलं आहे. ते असलेल्या संस्थांना भरतीचा खर्च नोकरी देणाऱ्याकडूनच घ्यावा लागतो, नर्सकडून नाही. त्यामुळे कोणी लाखांत पैसे मागितले, तर तिथूनच मागे फिरा. नोकरी मध्येच सोडल्यास किती रक्कम परत करावी लागेल, ते कलम वाचून समजल्याशिवाय करारावर सही करू नका. आणि बी-टू मिरजेत, पुण्यात, नागपुरात, जिथे असाल तिथेच पूर्ण करा. घरचं जेवण आणि घरची माणसं जवळ असताना जेवढी भाषा पक्की होईल, तेवढं इथलं पहिलं वर्ष सोपं जाईल.