मुलगी पुण्याला शिकणार? ग्वाल्हेरच्या मराठी घरांनी आधी डोमिसाइल बघावं, मग टॅक्स

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या मराठी घरांत बारावीचा निकाल लागला की दोन प्रश्न हमखास येतात. पोरीला पुण्याला पाठवायचं का? आणि एज्युकेशन लोन काढलं तर टॅक्स किती वाचेल? दुसऱ्या प्रश्नावर जितका खल होतो, तितका पहिल्यातल्या खर्चावर होत नाही. खरं तर मोठी रक्कम तिथंच अडकलेली असते.

शिंद्यांबरोबर आलेली ही घरं दोनशे वर्षांहून जास्त काळ इथं आहेत. घरात मराठी, गणपती, पुरणपोळी सगळं आहे, पण कागदावर ती मध्य प्रदेशची. महाराष्ट्राच्या इंजिनिअरिंग प्रवेशात आडनाव किंवा मातृभाषा चालत नाही. अपवाद एकच, आणि तो बेळगावकडच्या वाचकांना माहीत असेल: वादग्रस्त महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागातल्या मराठी मातृभाषेच्या विद्यार्थ्यांसाठी 'टाइप ई' हा स्वतंत्र गट आहे. ग्वाल्हेर, इंदूर, बडोद्याच्या मराठी मुलांसाठी असा गट नाही. आई-वडिलांपैकी कुणाकडे महाराष्ट्राचा डोमिसाइल दाखला असेल तर गोष्ट वेगळी. नाहीतर मूल परराज्यातलं, म्हणजे मुख्यतः खासगी कॉलेजातल्या ऑल इंडिया जागा आणि पूर्ण फी. २०२४-२५ पासून महाराष्ट्रानं आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी माफ केली. ती बातमी ग्वाल्हेरच्या नातेवाइकांच्या ग्रुपवरही फिरली. पण ती सवलत महाराष्ट्राच्या रहिवाशांसाठी आहे.

उलट घरच्याच राज्यात काय मिळतं, ते बऱ्याच जणांनी नीट वाचलेलं नसतं. मध्य प्रदेशची मुख्यमंत्री मेधावी विद्यार्थी योजना घ्या. एमपी बोर्डात बारावीला ७० टक्के किंवा सीबीएसई-आयसीएसईला ८५ टक्के हवेत, आणि घरचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत. इंजिनिअरिंगसाठी जेईई मेनमध्ये दीड लाखाच्या आतली रँक लागते. मग सरकारी कॉलेजची पूर्ण फी सरकार भरतं. खासगी असेल तर वर्षाला दीड लाख किंवा प्रत्यक्ष फी, यातलं जे कमी असेल ते. चार वर्षांचे जास्तीत जास्त सहा लाख झाले! मेसचा खर्च आणि डिपॉझिट मात्र आपलं आपण. यासाठी मूल निवासी प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला आणि समग्र आयडी तयार हवेत. हे कागद लोकसेवा केंद्रातून अकरावीतच करून ठेवा. प्रवेशाच्या गर्दीत धावपळ केली की नावाच्या स्पेलिंगपासून सगळं नडतं.

आता टॅक्स. एज्युकेशन लोनच्या व्याजावर ८०ई खाली वजावट मिळते, तिला रकमेची मर्यादा नाही, आठ वर्षं घेता येते. ऐकायला झकास. पण ती फक्त जुन्या पद्धतीत. समजा वडिलांचा पगार १४ लाख आहे. २०२५-२६ च्या नव्या पद्धतीत ७५ हजारांची प्रमाणित वजावट जाऊन १३.२५ लाखांवर सेससह ८१,९०० रुपये कर बसतो. जुन्या पद्धतीत ५० हजारांची प्रमाणित वजावट, ८०सी चे पूर्ण दीड लाख (मुलांची ट्यूशन फी यातच येते, डोनेशन नाही) आणि लोनचं ८० हजार व्याज धरलं, तरी कर १,५४,४४० होतो. म्हणजे व्याजाची वजावट घेऊनही सुमारे ७२ हजार जास्तच. घरभाड्याची किंवा गृहकर्जाची भरीव वजावट असेल तर गणित पालटू शकतं, ते करून बघा. पगार पावणेतेरा लाखांच्या आत असेल आणि दुसरं उत्पन्न नसेल, तर नव्या पद्धतीत कर शून्यच. मग वाचवायचं काय?

'टॅक्ससाठी लोन काढा' हा सल्ला म्हणूनच मला पटत नाही. लोन काढावं ते गरजेपुरतं. दर वर्षी दोन लाख उचलले आणि दर दहा टक्के धरला, तर चार वर्षांत दोन लाख साधं व्याज होतं, आणि हप्ते सुरू होण्याआधीच्या एका वर्षाचे आणखी ८० हजार. हे व्याज शिक्षण चालू असतानाच थोडं थोडं भरलं तर मुद्दलात मिसळत नाही, आणि मुलीच्या पहिल्या पगारावर डोंगर राहत नाही.

उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल तर पीएम विद्यालक्ष्मी योजनेत दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर, हप्ते सुरू होईपर्यंत, तीन टक्के व्याज सवलत आहे. मात्र कॉलेज योजनेच्या यादीत हवं, आणि दुसरी सरकारी शिष्यवृत्ती किंवा व्याज सवलत घेतली असेल तर ही मिळत नाही. मेधावीचा फॉर्म भरणाऱ्यांनी हे आधीच ठरवावं.

मुलगी अजून दहा वर्षांची झालेली नसेल तर सुकन्या समृद्धी खातं उघडता येतं. पंधरा वर्षं भरायचं, वर्षाला कमाल दीड लाख. ती अठरा वर्षांची झाल्यावर किंवा दहावी पास झाल्यावर शिक्षणासाठी निम्म्या शिलकीपर्यंत रक्कम काढता येते, आणि व्याज नव्या पद्धतीतही करमुक्त आहे. अकरावीतल्या मुलीसाठी हा रस्ता बंद झालेला असतो; तिच्या घरी या आठवड्यात मूल निवासी दाखल्याचा अर्ज गेला तरी पुष्कळ.