चादरीवरचा आकडा

पलंगपोसाच्या पाकिटावर ठळक छापलेला 144, 300 किंवा 1000 हा आकडा कापडाची प्रत सांगतो असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात तो फक्त विणीची दाटी सांगतो. एक इंच लांब आणि एक इंच रुंद अशा चौकोनात ताण्याचे, म्हणजे मागावर लांबीच्या दिशेने ताणलेले, जितके धागे येतात आणि बाण्याचे, म्हणजे त्यांच्यातून आडवे गुंफलेले, जितके येतात त्यांची बेरीज म्हणजे थ्रेड काउंट. यंत्रमागाच्या व्यापारात ही बेरीज न करता दोन्ही संख्या वेगळ्या सांगण्याची पद्धत आहे. ताण्याच्या संख्येला तेथे रीड म्हणतात, बाण्याच्या संख्येला पीक, आणि चादरीच्या एका नेहमीच्या कापडाचे वर्णन ‘तीस बाय तीस, शहात्तर बाय अडुसष्ट’ असे केले जाते. यातील 76 आणि 68 यांची बेरीज 144 होते, आणि पाकिटावर तेवढीच उरते; आधीची तीस-तीसची जोडी, जी जास्त महत्त्वाची, ती ग्राहकापर्यंत पोहोचतच नाही.

ती जोडी सुताच्या नंबराची असते. एक पौंड वजनाच्या सुतात 840 यार्डांच्या जितक्या लडी बसतात तितका त्या सुताचा नंबर, म्हणजे तीस नंबरी सूत पौंडाला 25,200 यार्ड, सुमारे 23 किलोमीटर भरते आणि साठ नंबरी त्याच्या दुप्पट. नंबर जितका मोठा तितके सूत तलम. गिरणीच्या बोलीत ‘काउंट’ या शब्दाचा खरा अर्थ हाच आहे, आणि पाकिटावरच्या काउंटशी त्याची गल्लत होते ती मुख्यतः शब्द एकच असल्यामुळे.

दाटीला मर्यादा असते आणि ती साध्या हिशेबाने काढता येते. शंभर नंबरी सुती धागा इतका बारीक असतो की एकमेकांना चिकटवून ठेवल्यास इंचभर जागेत सुमारे 280 धागे मावतात. साध्या विणीत मात्र दर दोन धाग्यांमधून आडवा धागा खाली किंवा वर जाण्यासाठी जागा सोडावी लागते, त्यामुळे ही संख्या जवळजवळ निम्म्यावर येते आणि उभे-आडवे मिळून बेरीज 280 च्या आसपास थांबते. सॅटीन विणीत एक धागा चार धाग्यांवरून जाऊन मग एकाखाली बुडतो, गुंफण कमी होते, म्हणून ढोबळमानाने 400 पर्यंत मजल जाते. घट्ट ठोकून विणल्यास त्यात काही भर पडते, पण शंभर नंबरी सूतसुद्धा सर्रास वापरले जात नाही. मग 1000 चा आकडा येतो कोठून?

तो बहुधा मोजणीतून येतो. दोन बारीक धागे एकत्र पिळून केलेल्या दुपदरी सुताचा प्रत्येक पदर स्वतंत्र धरला की 250 चे 500 होतात आणि चौपदरीचे 1000. चादरीच्या कडेचा एक धागा ओढून पिळाच्या उलट दिशेने चिमटीत फिरवला, की एकपदरी सूत पिंजून सुटते आणि दुपदरी सुताचे दोन स्वच्छ पदर वेगळे होतात. एवढ्या परीक्षेला भिंगही लागत नाही. दुसरी युक्ती बाण्याच्या एकाच फेकीत दोन ते चार धागे समांतर घालण्याची. पदर सुटे मोजून छापलेला आकडा ग्राहकाची दिशाभूल करू शकतो, असे मत अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनच्या अधिकाऱ्यांनी 2005 मध्ये दिले, तरी असे आकडे अजून छापले जातात.

चादर वर्षानुवर्षे टिकेल की नाही, हे दाटीपेक्षा तंतूची लांबी जास्त ठरवते. आखूड तंतूंची टोके सुतातून अधिक संख्येने बाहेर राहतात, घासून गुंततात आणि कापडावर गोळे येतात. लांब तंतूंच्या सुतात टोकेच कमी असतात. कोइंबतूरला विकसित होऊन 1974 मध्ये आलेला सुविन हा भारतातील अतिलांब तंतूचा कापूस या दृष्टीने जगातील उत्तम जातींत गणला जातो. इजिप्शियन कापसाचा बोलबाला याच गुणामुळे आहे आणि त्या नावाने वेगळाच कापूस विकला जाण्याचे कारणही तेच. 2016 मध्ये अमेरिकेतील एका मोठ्या विक्रेत्याने भारतीय पुरवठादाराशी व्यवहार थांबवला तो नेमका याच मुद्द्यावर.

दुकानात हाताला लागणारा मऊपणा हासुद्धा फसवा साक्षीदार आहे, कारण तो पुष्कळदा सिलिकॉनसारख्या मुलाम्याचा असतो आणि काही धुण्यांत निघून जातो. विरळ कापडाला खळ देऊन भरीव केलेले असेल, तर ते दोन्ही हातांत धरून जोराने चोळल्यावर पांढरी भुकटी झडते.

भौगोलिक मानांकन मिळालेली सोलापुरी चादर या सगळ्या चर्चेच्या बाहेर राहते. तिचे सूत जाड, विणकाम जेकार्डचे, नक्षी दोन्ही बाजूंनी रंगांची अदलाबदल करून उमटलेली; तिचे धागे मोजले तर बेरीज फारच किरकोळ भरेल, पण ती विकत घेणारा वजन पाहतो, आकडा नव्हे. अंगाखाली घालायच्या चादरीला मात्र हवामानाचा विचार आवश्यक ठरतो. मुंबई-कोकणाच्या दमट हवेत चाळीस ते साठ नंबरी एकपदरी सुताची, 180 ते 250 दाटीची साधी वीण घाम टिपते आणि लवकर वाळते, तर सॅटीनचे दाट, चकाकते कापड तेथे अंगाला चिकटते आणि पावसाळ्यात दोरीवर दुसऱ्या दिवसापर्यंत ओलसर राहते.